नवं इंजिन

रिटायर झाल्यावर ह्यांनी महागडी एसयूव्ही घेतली. सहा महिन्यांतच ती चालता चालता बंद पडायला लागली. एकदा तर भांडुपजवळ, मागून ट्रक येत असताना. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी कॉम्प्युटर जोडून म्हणायचे, "सर, काही फॉल्ट दिसत नाही."

मग ह्यांना तीच गाडी घेतलेल्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सापडला. सगळ्यांचं रडगाणं एकच होतं. हे एकेकाची तक्रार वहीत उतरवायचे आणि कंपनीला मेल करायचे. शेवटी कंपनीने आमचं इंजिन बदलून द्यायचं कबूल केलं, गाडी नेली, आणि त्याच आठवड्यात हे झोपेतच गेले.

तेराव्यानंतर फोन आला. "सर आहेत का? गाडी तयार आहे." मी "येते" म्हटलं. रिक्षाने अंधेरीला गेले, सह्या केल्या आणि गाडी चालवत मुलुंडला आणली. ती कुठेच बंद पडली नाही. मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही नाही.

घरी ह्यांच्या मोबाइलवर ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं होतं, "काका, इंजिन बदललं का?"

मी लिहिलं, "बदललं. गाडी नीट चालते. तुम्हीही मागे लागा." ह्यांच्याबद्दल काही लिहवेना.

लगेच अंगठे आले, टाळ्या आल्या. "काका, झकास! तुमच्यामुळे आम्हाला धीर आला." मी एकूण एक मेसेज वाचला, मोबाइल चार्जिंगला लावला आणि कुकर चढवला.