दोन विहिरींचा प्रयोग

धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विहीर आटली. गावविहिरीत दोर टाकायची आम्हाला मनाई. आधी कोणीतरी मेहरबानीनं वरून आमच्या हंड्यात ओतायचं. आम्ही मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तशी तीही मेहरबानी संपली. माय नाल्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं पाणी उपसत बसायची. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला होता. ठाण्यात तो कोणाला आठवत नव्हता.

मी यवतमाळला कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि पत्रकं लिहीत होतो. डोकं सतत तापलेलं. अणूंचा धडासुद्धा परीक्षेसाठी नाही, पत्रकासाठी वाचला. एका फ्रेंच माणसानं खाणीतला तांब्याचा हिरवा दगड तपासला, तसाच पदार्थ स्वतः बनवून तोही तपासला; दोन्हींत तांबं सारख्याच प्रमाणात. मग इंग्लंडातल्या एका शाळामास्तरानं विचारलं, हा ठरलेला हिशेब येतो कुठून? उत्तरही त्यानंच दिलं: पदार्थ सुट्या कणांचे आहेत, आणि एका मूलद्रव्याचे सगळे कण सारखे. आमचे प्रोफेसर म्हणाले, हे आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवलंय. मला संताप आला. सांगितलं असेल, पण तोलून कोणी पाहिलं? पाहिलं असतं तर एका गावात दोन विहिरी कशाला लागल्या असत्या?

मी ठरवलं, दोन्हीकडचं पाणी एकच आहे हे गावातच दाखवायचं. बोरी अरबच्या बाजारात मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री चाचांकडून बॅटरी मागून आणली. परत आली नाही तर तुलाच बॉनेटखाली बांधतो, असं त्यांनी बजावलं. गावविहिरीजवळच्या कडुनिंबाखाली मी दोन बरण्या मांडल्या. एकीत झिऱ्याचं पाणी, दुसरीत गावातल्या एका सवर्ण वर्गमित्रानं काढून दिलेलं गावविहिरीचं. दोन्हींत ॲसिडचे थेंब, सेलमधल्या कोळशाच्या कांड्या आणि पालथ्या नळ्या. बॅटरीच्या तारा जोडल्या, बुडबुडे सुरू झाले तसं गाव जमलं. दोन्ही बरण्यांत एका नळीतला हायड्रोजन दुसरीतल्या ऑक्सिजनच्या जवळपास दुप्पट. हायड्रोजनला काडी लावली तर फटकन आवाज झाला, पोरं हसली.

मी पत्रकातल्यासारखा गरजलो, "दोन्ही पाण्यांत प्रमाण तेच. विटाळ कोणत्या नळीत आहे, दाखवा."

पाटील पुढं आले. त्यांनी दोन्ही बरण्या निरखून पाहिल्या.

"मानलं गड्या. दोन्ही पाणी एकच हाय. मंग तुमचं तुमी प्या ना. आमचंच काहून पाह्यजे?"

सगळे खो खो हसले. तो इंग्रज मास्तरही इथंच चुकला होता, पाण्यातच. हायड्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, असं तो धरून बसला. तोलणं ठीक होतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला; माझंही तेच झालं. दुरुस्तीला पन्नासएक वर्षं गेली. माझ्याकडे एवढा वेळ कुठला? माय रिकामा हंडा घेऊन समोर उभी होती.

तिनं मला विचारलं, या दोन वाऱ्यांचं पुन्हा पाणी होते काय रे? मी म्हणालो, होते. किती? थेंबभर. तिनं मान हलवली आणि पाटलाकडे वळली.

"एकच हाय म्हणता ना जी? चारचौघात म्हनलं तुमी. मंग कोणतं नेलं तरी सारखंच."

ती सरळ विहिरीवर चढली, तिथलीच बादली आत सोडली. पाटलाचं तोंड उघडलं, पण आत्ताच बोललेलं गिळायचं कसं? मघाचं हसू आता त्यांच्यावर उलटलं होतं. तिनं हंडा भरला आणि घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा दोर गायब, बादली गायब, रहाटसुद्धा काढलेला. माझं रक्त उसळलं. आत्ता यवतमाळला जातो, प्रेस गाठतो, कलेक्टरच्या दारात बसतो, असं मी येरझारा घालत बडबडत होतो. माय म्हणाली, "पत्रक मंग लिहजो. आधी अंबाडी आन."

मी अंबाडी आणली. वस्तीतल्या बाया अंगणात बसून दोर वळू लागल्या. मीही वळला, तळहातांना फोड येईपर्यंत. दोर विहिरीचं पाणी गाठेल एवढा झाला तशी माय उठली. मी तो खांद्यावर टाकला. या खेपेला बरण्या घेतल्या नाहीत.