बघूसाहेबांनी नांगर उचलला

कप्तानाला गोड बोलायची विद्या घरातच मिळाली. त्याचे वडील आणि काका एकाच घरात राहत, पण मधे भिंत घालून, आणि एकमेकांचं तोंड पाहायचं नाही अशी दोघांनी शपथ घेतलेली. निरोपांची ने-आण या पोराकडे. वडील गरजायचे, "सांग त्याला, मेलास तरी तुझ्या दारात यायचो नाही." पोरगं भिंतीला वळसा घालून काकाकडे जायचं आणि सांगायचं, "बाबांची तब्येत जरा नरम आहे, नंतर येतो म्हणाले." काका म्हणायचे, "मरू दे त्याला." पोरगं परत येऊन सांगायचं, "काकांनी काळजी घ्यायला सांगितलंय." अशा रीतीने त्या घरात वर्षानुवर्षं कोणाचं डोकं फुटलं नाही. पोराला मात्र एक खोड लागली ती कायमची. समोरच्याला जे ऐकायला आवडेल तेच तोंडातून निघायचं, आणि आपल्याला स्वतःला काय म्हणायचं होतं ते त्याचं त्यालाच आठवेनासं व्हायचं.

पुढे तो मालवाहू जहाजावर लागला आणि चढत चढत कप्तान झाला. जहाज हाकण्यात तो काही फार मोठा तीसमारखां नव्हता. पण कुठल्या बंदरात अधिकारी अडून बसले, मालाच्या मालकाचं डोकं फिरलं, की कंपनी याला पुढे करायची. हा हसतमुखाने जायचा, समोरच्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा आणि काम करून यायचा.

त्याचा आवडता शब्द होता 'बघू या'. खलाशाला रजा हवी आहे? बघू या. खोलीतला पंखा बंद आहे? बघू या. बायकोने विचारलं, यंदा तरी घरी याल का? बघू या. नाही म्हणायला याच्याइतका मऊ शब्द आपल्या बोलण्यात दुसरा नाही. ऐकणारा आशेने निघून जातो आणि सांगणाऱ्याला वाईटपणा येत नाही. जहाजावरच्या लोकांनी त्याचं नाव बघूसाहेब पाडलं होतं. त्याला ते माहीत होतं, आणि तोंडदेखलं हसून त्याने तेही पचवलं होतं.

कप्तान म्हणजे जहाजावरचा सगळ्यांत एकटा माणूस. तो जेवणघरात आला की रंगात आलेल्या गप्पा थांबतात, पत्ते उलटे ठेवले जातात, कोणीतरी उगाच खोकतो. म्हणून तो आपल्या खोलीतच जेवायचा, भिंतीला लागून असलेल्या छोट्या टेबलावर, गोल खिडकीकडे तोंड करून. घरी गेला तर तिथेही पाहुणाच. बायकोने कपाटातला त्याचा कप्पा केव्हाच शिवणकामाला घेतला होता, आणि तिचं काही चुकलं होतं असं कोणी म्हणणार नाही. ही खेप झाली की तो कायमचा घरी जाणार होता. बायकोला तसं सांगितलंही होतं, आणि या वेळी 'बघू या' न म्हणता 'येतो' म्हणाला होता.

दिवसाकाठी त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारा एकच माणूस होता, जहाजाचा आचारी. त्याला सगळे मामा म्हणत. कप्तान त्याच्याहून वयाने मोठा, पण तोही मामाच म्हणायचा. मामा ताट घेऊन यायचा आणि दारात टेकून उभा राहायचा. "काल भाजी अर्धी परत आली. आवडली नाही की बरं नाही?" कप्तान म्हणायचा, "छान होती हो, पोट भरलं होतं." मामा म्हणायचा, "साहेब, खारट झाली होती. मी चाखलीय. उगाच माझ्याशी गोड बोलू नका." एवढंच संभाषण. पण कप्तान त्याची वाट बघायचा.

त्या शेवटच्या खेपेला जहाज एका बंदराबाहेर अडकून पडलं. आदल्या वर्षी याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजाने तिथला धक्का मोडला होता. बंदरवाले म्हणत होते, चूक कबूल करा, मग आत या. कंपनी म्हणत होती, वाऱ्याने झालं, आम्ही कशाला कबूल करू. परवानगीशिवाय आत शिरलं तर बंदर जहाज जप्त करणार हे उघड होतं. म्हणून कंपनीचा हुकूम होता की बोलणी पुरी होईपर्यंत नांगर हलता कामा नये, आणि बोलणी करायला बघूसाहेब होतेच.

रोज सकाळी तो रेडिओवर बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याशी बोलायचा. पलीकडचा आवाज सुरुवातीला दगडासारखा होता. हळूहळू तो हसायला लागला, मग स्वतःच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागला. गाडी रुळावर येत होती. आणि नेमकं तेव्हाच ताट ठेवताना मामा म्हणाला, "साहेब, पोटात उजवीकडे फार दुखतंय. बंदरातून डॉक्टर मागवता येईल का?"

कप्तानाच्या मनात आलं, आत्ता काही मागितलं तर पलीकडच्याला वाटेल आपण गळ्यात पडतोय. दोन दिवसांत समोरासमोर बैठक व्हायची होती. तो म्हणाला, "बघू या, मामा."

बाकी सगळ्या जहाजाला या शब्दाचा अर्थ पाठ होता. पण मामाने आजवर कप्तानाकडे स्वतःसाठी कधी काही मागितलंच नव्हतं. त्याला वाटलं, साहेब बघतायत. म्हणून तो पुन्हा काही बोलला नाही, आणि पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून रांधत राहिला.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात कोसळला. अंगात ताप फणफणत होता, पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं. कंपनीच्या डॉक्टरने फोनवर सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "अपेंडिक्स फुटलंय. संध्याकाळच्या आत पोट उघडलं नाही तर माणूस हाती लागणार नाही." जहाजाची लहान बोट सोडावी, तर लाटा अशा की स्ट्रेचरवरचा माणूस बोटीत उतरवायच्या आधीच पाण्यात गेला असता.

कप्तान खाली मामाजवळ गेला. मामा डोळे उघडून म्हणाला, "पीठ भिजवून ठेवलंय. झाकायचं राहिलं." मग विचारलं, "डॉक्टर येतोय ना? तुम्ही बघतो म्हणाला होतात." या विचारण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर कप्तानाला सोसली असती.

तो वर ब्रिजवर, जहाज हाकायच्या काचेच्या खोलीत आला आणि त्याने रेडिओ हातात घेतला. आयुष्यभराची सगळी साखर त्याने त्या बोलण्यात ओतली. आपल्याला तसदी देतोय, क्षमा असावी, आमचा माणूस अत्यवस्थ आहे, आपली मोठी बोट पाठवता आली तर उपकार होतील, बैठकीशी याचा काही संबंध नाही. पलीकडचा आवाज तितकाच गोड होता. म्हणाला, "कप्तान, आपली अडचण समजली. मला वर विचारावं लागेल. बघू या."

कप्तानाने रेडिओ खाली घेतला. हा शब्द त्याने हजारो वेळा वापरला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून, जीव टांगणीला लागलेला असताना, कधी ऐकला नव्हता. त्याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? बोट येणार नव्हती. कोणी वर विचारणार नव्हतं. तो अधिकारी वाईट नव्हता, त्याला फक्त वाईटपणा नको होता. कप्तानाला स्वतःची अशी शरम वाटली की कान तापले.

त्याने रेडिओ पुन्हा उचलला. "बघायचं काही नाही," तो म्हणाला. "मी येतोय."

"कप्तान, नांगर हलवलात तर..."

"जहाज जप्त करा, मला आत टाका, काय करायचं ते करा. धक्का मागच्या वर्षी आम्हीच मोडला, वारा-बिरा काही नव्हता, हेही लिहून घ्या. फक्त धक्क्यावर ॲम्ब्युलन्स ठेवा. नाही ठेवलीत तर माझी माणसं त्याला खांद्यावर घेऊन तुमच्या रस्त्यांतून दवाखाना शोधत फिरतील."

शेजारी उभा असलेला चीफ, म्हणजे जहाजावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, पांढरा पडला. "साहेब, कंपनी आपल्याला सोडणार नाही."

"ते मला माहीत आहे. नांगर उचला."

चीफने त्याच्याकडे नवा माणूस बघावा तसं बघितलं आणि खाली धावला. कंपनीचा फोन वाजायला लागला, रेडिओवर आरडाओरडा सुरू झाला. कप्तानाने दोन्ही बंद केले. बोलणं हेच ज्याचं हत्यार, त्या माणसाने बोलण्याची सगळी दारं लावून घेतली आणि जहाजाचा भोंगा वाजवत, वाट दाखवणारा कोणी सोबत न घेता, त्या अरुंद वाटेने आत शिरला. एकदा वाटेची कड दाखवणारी डावीकडची तरंगती खूण इतकी जवळून गेली की वर परत आलेल्या चीफने डोळे मिटून घेतले. पण जहाज धक्क्याला लागलं ते अलगद. या वेळी धक्का मोडला नाही, एवढी त्याने काळजी घेतली.

ॲम्ब्युलन्स उभी होती. त्या अधिकाऱ्यानेच पाठवली होती म्हणे. तिच्यामागे पोलिसांच्या गाड्याही त्यानेच पाठवल्या होत्या.

मामा वाचला. शस्त्रक्रिया करणाऱ्याने सांगितलं की अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. हे ऐकून जहाजावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, चीफने कप्तानाचा हात धरून बराच वेळ सोडला नाही, आणि त्या रात्री कप्तान कित्येक वर्षांनी जेवणघरात सगळ्यांबरोबर जेवला. कोणी पत्ते उलटे ठेवले नाहीत.

पण कौतुकाला काही फार आयुष्य नसतं. जहाज जप्त झालं. आठवडे गेले, महिने गेले. कोणाच्या घरी बायको बाळंत व्हायची होती, कोणाच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं होतं, आणि सगळे अडकले होते ते बघूसाहेबांमुळे. कोणी तोंडावर बोललं नाही. नुसत्या गप्पा पुन्हा थांबायला लागल्या. कप्तान मुकाट्याने आपलं ताट घेऊन परत खोलीत जाऊन बसला. त्याला त्यांचा राग आला नाही. एका माणसाला वाचवताना बाकीच्यांना न विचारता त्यांची घरं दूर केली, हे त्याला दिसत होतं.

मग लोकांना थोडेथोडे करून सोडलं. चीफ शेवटी गेला, जाताना डोळे पुसत गेला. कप्तानाला मात्र जाता येईना. कंपनीने त्याला कामावरून काढून टाकलं, आणि जप्तीतल्या जहाजावर जबाबदार माणूस हवा म्हणून कोर्टाने त्याला जाऊ दिलं नाही. जे कंपनीला नको होतं ते कोर्टाला हवं होतं, आणि दोघांच्या मधे हा, लहानपणीच्या त्या भिंतीजवळ उभा होता तसाच.

बायकोने फोनवर विचारलं, "कधी येताय?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "स्वेटर आहे ना जवळ?"

एवढं मोठं जहाज आणि त्यात एक माणूस. इंजिन बंद, म्हणून पायाखालची ती सवयीची थरथर गेली. जिन्यावरून उतरताना स्वतःच्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा आणि तो वळून बघायचा. खलाशांच्या खोल्यांची दारं वाऱ्याने आपटायची म्हणून त्याने ती दोरीने बांधून टाकली. किनाऱ्यावरून कोणी आठवड्याचा बाजार आणून टाकायचं, आणि तो मामाच्या स्वयंपाकघरात उभा राहून काहीतरी शिजवायचा. कधी कच्चं, कधी करपलेलं. खाऊन टाकायचा.

एका दुपारी तो कांदा परतत असताना फोन वाजला. मामाचा होता. जहाजावरून थेट दवाखान्यात आणि तिथून थेट घरी गेलेला मामा, जप्तीबिप्ती त्याला कोणी कळवलीच नव्हती. कप्तानानेच चीफला तशी ताकीद दिली होती.

"साहेब, टाके पार भरले बघा. आता मी तिखटही खातो. तुम्ही लोक कुठे आहात?"

"आम्ही? केव्हाच निघालो तिथून. भर समुद्रात आहोत," कप्तान म्हणाला. जुनी जीभ बघा कशी चालते.

"बरंय. आणि माझ्या जागी कोण आलाय?"

"आहे एक. हाताला चव आहे त्याच्या. तुमची सर नाही, पण चालतंय."

"भर समुद्रात फोन बरा लागला," मामा म्हणाला. "आणि इंजिनचा आवाज येत नाही. माझ्या स्वयंपाकघरात इंजिनच्या घरघरीपुढे कोणाचं बोलणं कधी धड ऐकू आलं नाही." मग म्हणाला, "त्या नव्या आचाऱ्याला सांगा, कांदा करपतोय. आवाज कळतो मला."

कप्तानाने घाईघाईने कढई उतरवली. हाताला चटका बसला.

"साहेब," मामा हळूच म्हणाला, "एकटे आहात का हो तुम्ही तिथे?"

कप्तानाला उत्तरं सुचली. चांगली पाच-सहा सुचली, एकाहून एक गोड, आणि त्यातल्या कुठल्याही उत्तराने मामाला रात्री शांत झोप लागली असती. पण हाच माणूस आपल्या एका गोड शब्दावर विश्वास ठेवून मरायला टेकला होता.

"हो," तो म्हणाला. "एकटाच आहे, मामा. फार एकटा आहे."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, मग नाक ओढल्याचा.

"करपलेला कांदा काढून टाका," मामा म्हणाला. "सगळा. नवा चिरा, बारीक. आच कमी करा. मी थांबतो."

कप्तानाने कांदा चिरला, परतला, भाजी टाकली, मामाने सांगितलं तेवढंच पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. मग तो फोन कानाला धरून स्टुलावर बसला. भाजी शिजेपर्यंत दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.