डब्याचा पहिला क्रमांक

बाळापूरच्या तहसील कचेरीसमोर टिनाची तीन दुकाने होती. पहिले माझे, अर्जलेखनाचे, मधले झेरॉक्सचे, तिसरे माझ्या मित्राचे, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे. कापसाचे ते दिवस वाईट होते. नुकसानभरपाईच्या अर्जांवरून माझा हात निघत नसे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा मसुदा साहेबलोक विनादुरुस्ती स्वीकारीत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

इंटरनेटची तार फक्त मित्राकडे आली होती. ती तिघांना पुरावी म्हणून त्याने एक जुना संगणक उघडून त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवली. एकातून इंटरनेट आत यायचे, दुसऱ्यातून तिन्ही दुकानांत वाटले जायचे. त्याला पडदा नव्हता की कळफलक. शिलाई मशीनच्या टेबलावर नुसता डबा घुरघुरत असे. तो आवाज मला आजही आठवतो.

प्रत्येक संगणकाला क्रमांक द्यायचा होता. मित्राने बजावले, "मुन्शीजी, एक नंबर डब्याचा. तुमी दोन घ्या."

त्या दिवशी मी दोन घेतला. परंतु चाळीस अर्जदारांच्या यादीतही ज्येष्ठाचे नाव वर असते. डब्याखाली नाव लिहिण्याची मला सवय नव्हती. एके दिवशी सकाळी दुकान उघडताच मी माझ्या संगणकाला स्वहस्ते 'एक' हा क्रमांक दिला.

नेमका त्याच दिवशी त्याच्या मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. पाच वाजता मुदत संपणार होती. साल हुकले तर तिची फुफी, म्हणजे आत्या, तिचा निकाह ठरवून मोकळी होणार, हे सगळ्या ओळीला ठाऊक होते. साडेतीन वाजले तरी तिच्या पडद्यावर पान उघडेना. मित्राने डबा उघडला, तारा बदलल्या, मग घामाघूम होऊन माझ्याकडे आला.

"तुमच्या पडद्यावर काही आलं होतं काय?"

"इंग्रजीत एक सूचना येते. मी ती बंद करतो."

त्याने माझा क्रमांक पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काहून जी? डब्याचा नंबर तुमी घेतला? एका नंबरचे दोघं झाले, मंग तारेनं कोणाचं आयकावं?"

"यादीत ज्येष्ठ पहिला असतो," मी म्हणालो.

मुलगी दारात उभी होती. "चाचा, मोठेपण उद्या घ्या. मले आज फॉर्म भराचा आहे."

मी 'एक' पुसून 'दोन' लिहिले. ती धावत गेली आणि क्षणभराने मित्राच्या दुकानातून तिची आरोळी आली, "उघडलं!"

पाचाला दहा मिनिटे असताना फॉर्म गेला. झेरॉक्सवाल्याने पावतीच्या दोन प्रती काढल्या. तिने पहिली माझ्यापुढे ठेवली. "ही तुमची, चाचा."

मित्र आता नाही, डबाही नाही. ती अमरावतीला नर्स आहे. माझ्याकडे हजारो अर्जांच्या नकला आहेत. मात्र मी न लिहिलेल्या अर्जाची पावती एवढी एकच.