साडेआठचं बिट आणि माझी मुदतवाढ

मी ड्रिल मागे ओढलं. ड्रिल आलं, बिट आलं नाही.

ते समोरच्या लोखंडी फ्रेममध्ये, स्वतःच पाडलेल्या भोकात, ऐटीत रुतून बसलं होतं. माझ्या हातातल्या ड्रिलचं तोंड रिकामं. प्रेसवरचा ऑपरेटर दत्ता शेजारीच उभा होता. राजगुरुनगरकडचा गडी, तोंडाला कुलूप कधीच नाही.

"काका, पाव्हणं हितंच मुक्काम करतो म्हणत्यात."

"पकड दे," मी म्हणालो.

सकाळचे साडेदहा वाजले होते. सहा भोकांपैकी हे पहिलं. अकरा वाजता कस्टमरचे ऑडिटर कामाची पद्धत तपासायला शॉपफ्लोअरवर येणार होते. त्याआधी पत्रा दाबून आकार देणाऱ्या या प्रेसला गार्ड बसवायचा होता. गार्ड म्हणजे मशीन चालू असताना कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून लावतात ते जाड, पारदर्शक झाकण. गार्ड नाही तर प्रेस बंद. आणि गार्ड बसवायची जबाबदारी माझी.

मी म्हणजे पवार, टूलरूमचा, म्हणजे हत्यारं बनवायच्या-दुरुस्त करायच्या खात्याचा, सुपरवायझर. चाकणमधल्या या कंपनीत अठ्ठावीस वर्षं. रिटायरमेंटला उरलेले दिवस अठरा. वर्षभराच्या मुदतवाढीचा माझा अर्ज प्लांट हेड निंबाळकर साहेबांच्या टेबलावर पंधरवडाभर पडून होता. "ऑडिट होऊ दे, मग बघू," एवढंच ते म्हणाले होते. रहाटणीच्या घरात दिवसभर बसायची माझी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर, मी दिवसभर घरात बसायची बायकोचीही तयारी नव्हती. तेव्हा सहा भोकांवर दोघांचं भवितव्य लटकलं होतं.

आता हे बिट भोकात का राहिलं, ते सांगतो.

ड्रिलच्या तोंडाला चक म्हणतात. बिट पकडायचं काम त्याचं. जुन्या चकला तीन जबडे असतात. चावी फिरवली की ते आवळतात आणि गोल दांडीचं कुठलंही बिट धरून ठेवतात. आमचं जुनं ड्रिल तसंच होतं. पण मागच्या ऑडिटला त्याची वायर चालायच्या वाटेत आडवी पडलेली दिसली आणि शेरा आला. साहेबांनी ते ड्रिल टूलरूममधून उचलून थेट स्क्रॅपला पाठवलं आणि बॅटरीवरचं नवीन आणलं. त्याला क्विक-चेंज चक. चावी नाही, आवळणं नाही. तोंडाभोवतीची कड्यासारखी कॉलर ओढायची, बिट सरकवायचं, कॉलर सोडायची, टक्. अर्ध्या सेकंदाचं काम. फक्त त्याला बिट सहा कोनी दांडीचं लागतं. गोल दांडी आत राहतच नाही.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. आमची इंजिनिअर स्नेहल आठवडाभर आधी सहा कोनी बिटांच्या मागणीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे सहीला आली होती. नवीन ड्रिलच्या बॉक्समध्ये फक्त स्क्रू पिळायची बिटं होती, भोकं पाडायची नव्हती. मी फॉर्मवर लाल पेनाने लिहिलं, 'गरज नाही. टूलरूममध्ये बिटांचे तीन ड्रॉवर भरलेले आहेत.' तिन्ही ड्रॉवरमधलं एकूण एक बिट गोल दांडीचं. ते त्या क्षणी कसं आठवलं नाही, हा प्रश्न बायकोने नंतर मला बऱ्याच वेळा विचारला.

त्या दिवशी साडेनऊला मी ड्रिल हातात घेतलं, साडेआठ मिलिमीटरचं बिट त्यात घातलं आणि ते खाली पडलं. परत घातलं. परत पडलं.

"काका, मी चौकातल्या दुकानात फोन करते," स्नेहल म्हणाली. "तासाभरात माणूस बिट घेऊन येईल."

"चाकण चौकातून? तासाभरात? त्यापेक्षा ऑडिटर रिटायर होतील." मी हात झटकले. "सहा कोन हवेत ना? करून देतो. टूलरूमचा माणूस आहे मी."

तेवढ्यात निंबाळकर साहेबांचा फोन आला. "पवार, किती वेळ?"

"झालंच, साहेब."

बेंच ग्राइंडर म्हणजे धार लावायचं फिरतं चाक. त्याच्यासमोर बसून मी त्या बिटाच्या गोल दांडीला हाताने सहा बाजू पाडल्या. एक बाजू घासायची, व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मापायची, बिट फिरवायचं, समोरची घासायची. पाऊण तास लागला. पण काय बाजू पडल्या होत्या! बघायला दोन-चार पोरं जमली. मी बिट चकमध्ये सरकवलं. बरोबर बसलं. मी सगळ्यांकडे एक नजर टाकली. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

स्नेहल तेवढी वाकून बघत होती. "काका, खाच?"

"कसली खाच?"

"विकतच्या बिटाच्या दांडीला एक खाच असते. चकमधली बारीक गोळी त्या खाचेत अडकते, म्हणून बिट बाहेर येत नाही."

"दाबून धरल्यावर कुठं जातंय?" मी म्हणालो.

दाबून धरल्यावर ते कुठेच गेलं नाही. पहिलं भोक मस्त पडलं. प्रश्न आला तो बाहेर ओढताना, आणि तिथून पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलंच.

घाईत पकडीच्या आधी मी बिटाला हात घातला. आत्ताच पोलाद कापलेलं बिट किती तापतं, हे मी अठ्ठावीस वर्षं नव्या पोरांना सांगत आलोय. चटका असा बसला की मी चारचौघांत बोलू नये असं काहीतरी बोललो.

"ग्लोव्हज, काका," स्नेहल हळूच म्हणाली.

मग एक पद्धत बसली. मी भोक पाडायचं, ड्रिल ओढायचं, दत्ताने पकडीने बिट उपटायचं, ते गार करायचं, परत घालायचं. माझ्या सहा बाजू डोळ्यांना सारख्या होत्या, पण चकला नव्हत्या. बिट किंचित डगमगत होतं आणि भोकं मोठी होत होती. बोल्टखाली जाड वॉशर टाकून झाकलं.

"काका, ह्ये बिट काढायला आता बैलजोडीच लागंल," दत्ता चौथ्या भोकाला म्हणाला.

"तू उपट, भाऊ. बोलू नको."

पाचव्या भोकात बिट रुतलं आणि मागून आवाज आला, "काय चाललंय?"

निंबाळकर साहेब, आणि त्यांच्यासोबत ऑडिटर. अकराला पाच कमी. साहेबांचा चेहरा मी बघितला आणि मनातल्या मनात माझा अर्ज मीच फाडून टाकला.

ऑडिटर साहेब माझ्याच वयाचे. त्यांनी दत्ताकडून पकड घेतली, बिट उपटलं, चष्मा वर सारून दांडी बघितली. मग माझ्यापुढे हात केला. "व्हर्नियर द्या."

त्यांनी समोरासमोरच्या बाजूंच्या तिन्ही जोड्या मापल्या.

"हाताने केलं?"

"हो."

"मीही टूलरूममधलाच. एवढं सरळ हाताने घासलेलं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं."

मी हसलो. साहेबही हसले. ऑडिटर साहेबांनी पेन काढलं.

"कापायच्या हत्याराची दांडी परवानगीशिवाय बदलली. एनसी लिहितोय."

एनसी म्हणजे शाळेच्या डायरीतला लाल शेरा. फक्त इथे पालकांऐवजी प्लांट हेडला बोलावतात.

त्याच वेळी गेटवरून एक माणूस पाकीट घेऊन आला. स्नेहलने माझं न ऐकता फोन केलाच होता. तिने सहा कोनी बिट काढलं, कॉलर ओढली, टक्. सहावं भोक अर्ध्या मिनिटात. बिट ड्रिलबरोबरच परत आलं. दत्ताने टाळी वाजवली. गार्ड बसला, प्रेस वाचली.

राहिला माझा प्रश्न. एनसीच्या फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना असतो. दुरुस्तीचे उपाय करून, सगळ्यांना ट्रेनिंग देऊन, पुरावे जोडून ती एनसी बंद करायची, आणि ते त्या व्यक्तीनेच. ऑडिटर साहेबांनी तिथे माझं नाव लिहिलं. मुदत तीन महिने.

संध्याकाळी निंबाळकर साहेबांनी बोलावलं.

"पवार, तुम्ही अठरा दिवसांनी रिटायर."

"हो साहेब."

"एनसी तुमच्या नावावर, तीन महिने."

"हो साहेब."

"नाव बदलायचं तर कस्टमरला पत्र लिहावं लागेल. का बदललं ते सांगावं लागेल." त्यांनी डोकं धरलं. मग माझा अर्ज ओढला, 'एक वर्ष' खोडलं, 'तीन महिने' लिहिलं आणि सही केली. "आधी स्नेहलच्या त्या फॉर्मवर सही करा. मग ट्रेनिंग द्या. आणि ते बिट सोबत न्या, दाखवायला."

सही मी तिथल्या तिथे केली. पोरांना आता हेच शिकवतो. बिट घेताना टोक सगळेच बघतात, बूडही बघा. सहा कोन आहेत का, आणि खाच आहे का.

चांगल्या कामाची चार सर्टिफिकेटं घरी भिंतीवर आहेत. त्यांच्या जोरावर केलेला अर्ज पंधरा दिवस हलला नव्हता. एका लाल शेऱ्याने तो संध्याकाळपर्यंत हलला.