भिकाजी आणि बारीक खटके

दमयंतीबाईंनी भिकाजीला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो चालू ऑसिलोस्कोप ओल्या फडक्याने पुसत होता.

"अरे मेल्या, वीज चालू आहे ना त्यात!"

"म्हणून तर लवकर वाळतोय, बाई."

भिकाजी मूळचा मालगुंडचा. रत्नागिरीतल्या एका छोट्या तंत्रसंस्थेत प्रयोगशाळेचा मदतनीस. खांद्यावर कायम फडकं, आणि काही वाकडं दिसलं की याचा जीव कासावीस. भिंतीवरचं कॅलेंडर तो दिवसातून दोनदा सरळ करी. बाई तिथेच इलेक्ट्रॉनिक्स शिकवत.

दोन वर्षं अर्ज करकरून बाईंनी १९८७ साली संस्थेसाठी कॉम्प्युटर मिळवला. व्होल्टमीटर, काउंटर आणि पॉवर सप्लाय ही प्रयोगशाळेतली यंत्रं त्यांनी जाड केबलने त्याला जोडली. तिघांना तीन वेगळे नंबर. कॉम्प्युटरने नंबर पुकारायचा आणि ज्याचा नंबर त्यानेच ओ द्यायची. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मुंबईहून दोन साहेब पाहणीला येणार होते. जोडणी चालली तर संच रत्नागिरीत राहणार, नाहीतर दुसऱ्या संस्थेत जाणार.

बुधवारी सगळं झकास चाललं. गुरुवारी खंडेनवमी. भिकाजीने यंत्रं पुढून-मागून लख्ख पुसली, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं.

सोमवारी साहेबांसमोर बाईंनी व्होल्टमीटरचा नंबर पुकारला. पडद्यावर काहीतरी भलतंच उमटलं आणि कॉम्प्युटर गप्प झाला. केबल काढून पुन्हा लावली, तरी तेच. थोरले साहेब घड्याळ बघायला लागले.

केबल बघण्याच्या मिषाने बाई टेबलामागे वाकल्या. भिकाजी तिथेच उभा होता.

"भिकाजी, खरं सांग. पूजेच्या दिवशी मागे काय केलंस?"

"काय नाय हो. नुसतं पुसलं. ते बारीक खटके होते ना मागं, एक वर, एक खाली, कसे पण! सगळे सरळ रांगेत केले."

"तिन्ही यंत्रांचे?"

"तर! देवासमोर दुजाभाव कशाला?"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या खटक्यांवरच तर नंबर ठरत होता! आता एकाला हाक मारली की तिघंही ओ देत होते.

त्या उठल्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "पाहिलंत, साहेब? सगळ्यांना एकच नंबर दिला तर असं होतं. मुलांना आम्ही आधी ही चूक दाखवतो. आता बरोबर जोडणी बघा."

धाकट्या साहेबांनी ओठ दाबून खिडकीबाहेर पाहिलं. बाईंनी यंत्रं बंद केली, खटके जागच्या जागी नेले, यंत्रं पुन्हा चालू केली.

"बाई," भिकाजी कळवळून कुजबुजला, "हे असंच वाकडं ठेवायचं?"

"हात लावशील तर खबरदार!"

व्होल्टमीटरने मुकाट्याने आकडा दिला. मग काउंटरने, मग पॉवर सप्लायनेही. थोरल्या साहेबांनी शेरा लिहिला, "शिकवण्याची पद्धत विशेष उल्लेखनीय. संच इथेच ठेवावा."

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भिकाजीला एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षी पूजा पुढच्या बाजूनेच."

"आणि मागची धूळ?"

"राहू दे मेली."

भिकाजी आता निवृत्त आहे. मालगुंडला मुलाकडे राहतो आणि दर रविवारी दमयंतीबाईंना फोन करतो.