शीड एकीकडे, केस दुसरीकडे

वडिलांचा उजवा हात मचव्याच्या दोरात सापडला तेव्हा मी मराठी चौथीत होते. तीन बोटं गेली. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात बोटं गेलेल्या माणसाला कोणी मचव्यावर घेत नसे, आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता. जाळं ओढायला मूठ लागते, ती त्यांच्याकडे राहिली नव्हती. त्यानंतर आमचं घर चाललं ते आईच्या डोक्यावरच्या पाटीवर. पहाटे किनाऱ्यावर मासे उचलायचे, पाटी घेऊन आगाशी, नंदाखाल असं चालत जायचं, वाडीवाल्यांच्या दारोदार मासे विकायचे आणि डोक्यावर ऊन घेऊन परत यायचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. रेशनच्या तांदळाला कुबट वास यायचा. त्याची पेज करून वर भाजलेला जवळा चुरला की वास जरा मरायचा. आम्ही चार भावंडं. शाळेला घालायला माझ्याकडे एकच परकर होता. तो संध्याकाळी धुवायचा आणि सकाळी ओला असला तरी तसाच घालायचा.

अशा घरातली बाई सिनेमाला जायची. हे सांगितलं की लोक आजही नाक मुरडतात. एका शिकलेल्या बाईंनी मला तोंडावर विचारलं, "खायला नव्हतं म्हणता, आणि सिनेमा?" हो, आणि सिनेमा. गरिबाने फक्त भातच मागावा असं कुठे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, आणि मी पुष्कळ वाचलं आहे.

दिवाळी झाली की तंबूवाला यायचा आणि पावसाच्या तोंडावर तंबू गुंडाळून जायचा. वस्तीमागच्या मोकळ्या मैदानात तंबू, बाहेर भकभक करणारं इंजिन, आणि आत बरोबर मधोमध मांजरपाटाचा पडदा. पडद्याच्या पुढे पुरुष बसायचे, मागे बायका. बोलण्याचा भोंगा आमच्या बाजूला असायचा, त्यामुळे आवाज आम्हाला मोठा आणि चित्र त्यांना सरळ, अशी वाटणी होती. मांजरपाट पातळ. चित्र आरपार दिसायचं, पण उलटं दिसायचं, आरशात दिसतं तसं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तिकीट मात्र दोन्हीकडे एकच.

आता गंमत अशी, की हे उलटं आहे हे आमच्या बायकांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सिनेमा पाहिला तो पहिल्यापासून मागूनच. त्यामुळे त्यांची पक्की समजूत झाली होती, की सिनेमातले सगळे राजे, सगळे सरदार डावखुरे असतात. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायची. तिच्या नातवाला डाव्या हाताने जेवायची खोड होती, आणि त्यासाठी तो रोज चापट खायचा. मारामारीचे दोन सिनेमे बघितल्यावर मावशीने चापट मारणं सोडून दिलं. "ऱ्हाऊ दे गो," ती आईला म्हणाली, "राजे सगले डावरेच असतात. कोनाला ठाऊक, उद्या सिनेमात ह्यालाच घेतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्यांपाशी, सिनेमाचा निकाल लागायचा. हात बोंबलांत आणि तोंड सिनेमात. आईचं मत शेवटचं. देवाधर्माचा सिनेमा आला, त्यातला भक्त नैवेद्य दाखवताना आमच्या बाजूने डाव्या हाताने दाखवत होता. आई म्हणाली, "डाव्या हातानं निवेद! देव कोपला तर मंग रडतो कशाला?" घरगुती सिनेमात एक गरीब बाई चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. त्यावर आई म्हणाली, "हातात फुंकनी, चुलीत लाकडं, नि धूर कुठं हाय? आदी धूर दाखव मेल्या, मंग तिचं रडनं दाखव." भुताच्या सिनेमाला सगळ्या बायका किंचाळल्या, पण मावशीला काही तो पटला नाही. "मातीखालून आली नि पांढऱ्या साडीला डाग नाय. हिला धुवून कोन देतो?" विनोदी सिनेमात एक जाडा माणूस वाढलेल्या ताटावर पडला. पुढचे पुरुष गडगडून हसले. आई हसली नाही. "भरलं ताट सांडलं," ती म्हणाली, "त्यात हसायचं काय?"

तिला सगळ्यात आवडायचे ते मारामारीचे सिनेमे. का, तर त्यात कोणी रडत बसत नाही.

ही मतं ती पाटीबरोबर गावोगाव घेऊन जायची. नंदाखालच्या वाड्यांतल्या बायका पापलेट हातात घेऊन भाव करायच्या आधी विचारायच्या, "काल कसा होता गो?" ती सांगेल त्यावर त्या तंबूला यायचं की नाही ते ठरवत. आईला लिहितावाचता येत नव्हतं. पण तिच्या शब्दावर बाया बैलगाडी जुंपून सिनेमाला येत होत्या, आणि याचा तिला फार अभिमान होता.

पुढे मी कॉलेजात गेले तेव्हा वर्गातला एक मुलगा चर्चेत म्हणाला, की सामान्य प्रेक्षकाला सिनेमातलं काही कळत नाही, तो रडतो आणि शिट्ट्या मारतो एवढंच. मी उभी राहिले आणि चुलीतल्या धुराची गोष्ट सांगितली. वर्ग हसला. मी खाली बसले नाही. मी म्हटलं, "हसा, पण आधी मला सांगा, धूर कुठे होता?"

पण मला सांगायचं आहे ते त्या दर्याच्या सिनेमाचं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या मोसमात तंबूवाल्याने समुद्राचा सिनेमा आणला. वादळ, गलबत, गलबताच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, उभी असलेली नायिका. कोळीवाडा लोटला. दुसऱ्या दिवशी पहाटे आई मासे उचलायला किनाऱ्यावर गेली. सुट्टी होती म्हणून मीही बरोबर होते. वडील ज्या मचव्यावर होते, त्याच मचव्याचा तांडेल वाळूत उभा राहून सिनेमाचं कौतुक करत होता. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य. वस्तीत त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, आणि आईला विकायला मासे मिळत तेही त्याच्याच मचव्यातून.

"काय सिनेमा हाय वयनी!" तो आईला म्हणाला. "दर्या असा दाखवलाय, मना वाटलं तंबूत पानी शिरतं."

"दर्या बरा हाय, दादा," आई म्हणाली. "वारा खोटा हाय."

"म्हंजे?"

"शीड फुगलंय पुढं, नि त्या पोरीचे केस उडतात मागं. एका गलबतावर दोन वारे कुठनं आनले?"

आमच्या बायकांना शीड वाचता येतं. मचवे परतायच्या वेळी त्या किनाऱ्यावर पाट्या घेऊन उभ्या असतात, आणि लांबवर शिडाचा नुसता ठिपका दिसला तरी कोणाचा मचवा, कुठल्या वाऱ्यावर, किती वेळात लागेल, हे सांगतात. तांडेल शिडाखाली बसतो. शीड समोरून बघतात त्या बायका.

पण तांडेल हसला, आणि त्याच्याबरोबर सगळे खलाशी हसले. "आगो, तुमी मागून बगता! तुमचं सगलंच उलटं. तुमचा राजा डावरा, तुमचा भगत डाव्या हातानं निवेद दाखवतो!"

"डावराच हाय तो," आई म्हणाली.

मग तर ते वाळूत बसून हसले. एकाने आपला डावा हात वर करून तलवार फिरवल्याची नक्कल केली. "वयनी, पडद्याच्या मागनं समदं उलटं दिसतं. इतकी वर्सं तुमाला ठाऊक नाय?"

आईने माझ्याकडे बघितलं. "खरं काय गो?"

मी मान डोलावली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुरुवातीला नावं येत तेव्हा अक्षरं उलटी दिसायची, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला ते कळायला वेळ लागत नाही. मला वाटलं होतं, सगळ्यांना माहीतच असेल.

"नि तू गप बसलीस?" आई म्हणाली. "मी अख्ख्या नंदाखालात सांगून आले, भगत डाव्या हातानं पूजा करतो म्हनून! तुला शाळेत कशाला घातली गो मी?"

त्या दिवशी ती पाटी घेऊन गेली खरी, पण कोणी सिनेमाचं विचारलं तर "मना ठाऊक नाय" एवढंच म्हणाली. माझी आई "मला ठाऊक नाही" असं म्हणालेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुपारी वलांड्यांपाशी निकाल लागलाच नाही. मावशीने नातवाला पुन्हा चापट मारली.

संध्याकाळी आईने कुंकू लावायचा आरसा काढला. अंबाडा सोडला, केस एका बाजूला धरले, पदर दुसऱ्या बाजूला ताणला आणि बराच वेळ आरशात बघत राहिली. वडील म्हणाले, "काय नटतंस?" आरसा खाली ठेवून आई म्हणाली, "केस उलटे झाले नि पदरही उलटा झाला. दोगं उलटले तर त्यांचं भांडन हाय तिथंच हाय." आणि मला म्हणाली, "चल. आज परत तोच हाय."

त्या रात्री आम्ही पुन्हा मागेच बसलो. वादळ सुरू झालं, शीड फुगलं, आणि नायिका नाळेवर येऊन उभी राहिली तशी आई उठली.

"बस गो आय," मी तिचं लुगडं ओढलं.

"सोड."

तंबूच्या कनातीच्या कडेने वळून ती पुरुषांच्या बाजूला गेली. मी तिच्या मागे धावले. ती थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिची कासोटा मारलेली सावली त्या गलबताहून मोठी पडली.

"ए बाई, बाजूला हो!"

"कोन हाय ती? बसवा तिला!"

शिट्ट्या सुरू झाल्या. आईने हात वर केला आणि सावलीचं बोट शिडावर ठेवलं. "तांडेलदादा, हिकडं बगा. शीड कुठं फुगलंय? आता केस बगा. आता तर मी पुढून दाखवते ना? आता सांगा!"

तंबूवाला धावत आला, पण तांडेलाने हाताने त्याला थांबवलं. तो पुढे वाकून बघत होता. वादळाचं ते दृश्य चांगलं लांब होतं, आणि त्याने ते पूर्ण बघितलं. सगळा तंबू त्याच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलून हसण्यावारी नेणार. पण वाऱ्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्या माणसाच्या हातून होणारं नव्हतं.

"वयनीचं बरोबर हाय," तो म्हणाला. "वारा चुकलाय."

तोवर मावशी आणि तिच्यामागून पंधरावीस बायका पुढे आल्या होत्या. तंबूवाला म्हणाला, "झालं ना? आता मागं चला बायांनो, खेळ पुढं जायचाय." आई खाली बसली. तिथेच, पडद्यासमोर, वाळूत. "मी हितं बसते. तिकीट घेतलंय मी."

आता तांडेलही चिडला. "वाऱ्याचं खरं बोललीस, ते मी मानलं. पन बाप्यांच्या पुढ्यात बायका बसनार? काय रीत हाय का नाय?"

"बाजारात आमी बाप्यांच्या पुढ्यातच बसताव, दादा," आई म्हणाली. "तवा कोनाला रीत आठवत नाय."

"उद्या कोनाच्या मचव्यावरनं मासे उचलशील?"

"नि तुमचे मासे कोन विकनार? तुमी घेनार पाटी डोक्यावर?"

मागून कोणीतरी हसलं, आणि या वेळी ते हसणं आईवर नव्हतं. उरलेला सिनेमा आम्ही पुढे बसून पाहिला. नायकाने उजव्या हाताने तलवार उपसली तेव्हा मावशी मोठ्याने म्हणाली, "अरे देवा, हा तर आमच्यासारकाच!"

एका रात्रीत काही मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी तंबूवाल्याने दारातच सांगितलं, बायकांनी मागे बसायचं असेल तरच आत यायचं. बायका आल्या तशा परत गेल्या. चार दिवस पडद्याची मागची बाजू मोकळी राहिली. आईला किनाऱ्यावर मासे मिळाले, पण तांडेल तिच्याशी बोलला नाही, आणि तीही बोलली नाही. त्या चार दिवसांत ती नंदाखालात दारोदार एकच सांगत होती. "भगत उजव्या हातानंच पूजा करतो, ते माजं चुकलं. दर्याचा सिनेमा खोटा हाय, ते माजं बरोबर हाय. नि आमाला पुढं बसवत नाय तवर तुमीही येऊ नका." त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या बैलगाड्यांतून येणारे पुरुषही आले नाहीत. मागची बाजू मोकळी पडली, मग पुढचीही निम्मी रिकामी दिसायला लागली.

पाचव्या दिवशी तंबूवाल्याने पडदा सोडवला, तंबूच्या टोकाला नेऊन बांधला आणि जमिनीत बांबू रोवून समोरच्या जागेचे सरळ दोन भाग केले, एक पुरुषांचा, एक बायकांचा. तांडेल बघत उभा होता. त्याची बायको सगळ्यात आधी आत शिरली.

त्या मोसमापासून अर्नाळ्याच्या तंबूत बायका पडद्यासमोर बसून सिनेमा बघू लागल्या.