दोनशे बारा सह्यांची एक हरकत

मीटरकाकांनी चौतीस वर्षं लोकांचे पाण्याचे मीटर वाचले. ओणवं होऊन, गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीतलं प्रत्येक घर ते अजून पाण्याच्या खपावरून ओळखतात. सरकारी कागद कसा लिहावा हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. गल्लीचीही तीच होती, म्हणून तर घोळ झाला.

गल्लीच्या सखल टोकाला, तळमजल्यावरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण एकटी राहते. वय एक्क्याऐंशी, अंगानं काडी, जिभेला मात्र अजून धार. मोठा पाऊस झाला की गटार तुंबतं आणि त्यातली घाण ताईच्या खोलीत शिरते. मग तिचा फोन यायचा, काका धावत जायचे, बादल्यांनी पाणी उपसायचे आणि ताई पलंगावर पाय वर घेऊन त्यांचा उद्धार करायची. जन्मभर पाणीखात्यात राहिलास आणि बहिणीच्या खोलीतलं पाणी तुला काढता येत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. काका मान खाली घालून उपसत राहायचे. नवं गटार घालून देईन असा शब्द त्यांनीच तिला दिला होता.

बारा वर्षं खेटे घातल्यावर नगरसेवक एकदाचा तयार झाला. त्याला ताईचा पुळका आला होता अशातला भाग नाही. गल्लीत दोनशेच्या वर मतं होती आणि तो जेमतेम नव्वद मतांनी निवडून आला होता, इतकंच. आणि नेमकं तेव्हाच प्रभागांच्या सीमा नव्यानं आखायचं निघालं. माणसं वाढली, सगळ्या प्रभागांत साधारण सारखी हवीत, असं कारण होतं. प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर कच्चा नकाशा लागला. काका बघायला गेले तर लाल रेघ त्यांच्या गल्लीच्या मधोमध गेलेली. उजवीकडची घरं नऊ नंबरात, डावीकडची दहात, आणि गटार बरोबर रेघेखाली. आता नऊवाले म्हणणार दहाचं, दहावाले म्हणणार नऊचं. शिवाय शंभर मतांच्या तुकड्याला विचारतो कोण?

नकाशाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पंधरा दिवसांत कुणाही रहिवाशाला लेखी हरकत देता येईल, तिच्यावर सुनावणी होईल आणि मगच नकाशा पक्का होईल. काकांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. अर्ज म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं सुचवलं होतं की प्रत्येकानं आपापला अर्ज द्यावा. काकांनी त्याला उडवून लावलं. सगळी गल्ली एका कागदावर दिसली पाहिजे, तरच वजन पडतं, असं त्यांचं म्हणणं. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, दोनदा फाडला, तिसऱ्यांदा सुवाच्य उतरवला. पहिली सही मानाची. गल्लीत सगळ्यात जुनं माणूस म्हणून ती ताईची घ्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. ताईनं आधी जुन्या वहीवर चार वेळा गिरवून पाहिलं. तिच्याखाली दोनशे अकरा सह्या झाल्या. पोचपावती घेऊन काका घरोघर दाखवत फिरले, आणि शिंप्याला जरा जास्तच वेळ दाखवली.

सुनावणीच्या दिवशी काका ताईला आणि शिंप्याला घेऊन गेले, तेव्हा सभागृहाच्या दारावर यादी लावलेली होती. गल्लीची हरकत एक्केचाळीस नंबरला, एक ओळ. तिच्या खाली पलीकडच्या नव्या इमारतींच्या हरकती सुरू व्हायच्या त्या संपायच्याच नाहीत. एकशे ऐंशी, सगळ्यांचा मजकूर तोच, झेरॉक्स काढलेला, प्रत्येकाला वेगळा नंबर. रेघ आहे तिथेच ठेवा, आमची वसाहत तोडू नका, एवढंच त्यात होतं. त्यांची वसाहत अखंड ठेवायची म्हणूनच गल्ली कापली गेली होती. काकांनी कारकुनाला आपल्या दोनशे बारा सह्यांचं विचारलं. अर्ज एक तर हरकत एक, सह्या आम्ही मोजत नाही, असं तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. काकांनी शिंप्याकडे बघायचं टाळलं.

नंबर पुकारला तेव्हा काका कागद घेऊन उठले. अधिकाऱ्यानं विचारलं, पहिली सही तुमची का? बोलायचं ते पहिल्या सहीच्या माणसानं, नाहीतर अर्जासोबत अधिकारपत्र जोडायला हवं होतं. काकांनी हात जोडले, ताईचं वय सांगितलं. अधिकारी चांगल्या स्वभावाचा होता, पण नियम नियम होता. त्यानं आजींना खुर्ची द्यायला सांगितली आणि माइक खाली करून दिला. वेळ दोन मिनिटं.

जिच्या आवाजाला सगळी गल्ली टरकते, तिला त्या माइकसमोर शब्द सुचेना. काका मागून पुटपुटत होते, पण तिला ते ऐकू जात नव्हतं. शेवटी ती बोलली ते पाण्याबद्दल. पाणी कुठून येतं, कुठवर चढतं, वास किती दिवस जात नाही. लोकसंख्या नाही, सीमा नाही, रेघेचं नाव नाही.

"आजी, गटाराचा विषय इथे येत नाही," अधिकारी हळूच म्हणाला.

"मग कुठे येतो?" ताईनं विचारलं. तेवढ्यात घंटी वाजली.

महिन्याभरानं पक्का नकाशा लागला. रेघ तसूभरही हलली नव्हती. काकांनी ताईला परोपरीनं सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, मी बोललो असतो तरी हेच झालं असतं, चूक असली तर माझी. ती हो हो म्हणाली.

पुढच्या मोठ्या पावसात काका फोनची वाट बघत बसले. फोन आलाच नाही. न राहवून ते सखल टोकाला गेले, तर ताई घोटाभर पाण्यात उभी राहून एका हातानं भिंत धरून तांब्यानं पाणी बाहेर टाकत होती. काकांनी तांब्या हिसकावून घेतला, मला का बोलावलं नाहीस म्हणून रागावले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्यावर रागावत होते.

"तुला कोणत्या तोंडानं बोलावू?" ती म्हणाली. "तू सगळं जमवून आणलंस, आणि मला दोन मिनिटं धड बोलता आलं नाही."